उरकुडामामांचं जहाज

"हे धर. हलव."

उरकुडामामा माझ्याशी पहिल्यांदा बोलले ते एवढंच. नाव विचारलं नाही की कोणाचा पोरगा म्हणून विचारलं नाही. निळ्या रंगात बुडवून काढलेल्या लांबलचक मांजरपाटाचं एक टोक त्यांनी माझ्या हातात दिलं. दुसरं टोक पलीकडे एका गड्याच्या हातात होतं. मी हलवू लागलो. थोडा वेळ त्यांनी पाहिलं आणि मग ओरडले, "अरे बापा, हे काय गोधडी झटकून राह्यला का तू? लाट हाये ते! लाट!"

माझ्या आयुष्यातली पहिली नोकरी ही अशी लाटा हलवण्याची होती.

सन साठ-पासष्टच्या आसपासची गोष्ट. उन्हाळ्यात वैनगंगा आटली की बालाघाटच्या बाजूला वाळूचं मोठं मैदान उघडं पडे. तिथे दरवर्षी एक सेठ आपला मेळा घेऊन यायचा. आकाशपाळणा, लाकडी घोड्यांचा झुला, आरशांचा तंबू, कुल्फीवाले, बांगड्यावाले. हा सेठ कधीतरी मुंबईला जाऊन आला होता, म्हणून त्याने मेळ्याच्या तोंडाशी मोठी पाटी लावली होती: 'चौपाटी'. आमच्यापैकी कोणी समुद्र पाहिलेला नव्हता. तरी गावभर सगळे बिनदिक्कत म्हणायचे, "चाल बे, चौपाटी पे चलते." आणि चौपाटी म्हटल्यावर समुद्र पाहिजेच, म्हणून सेठने समुद्राचं काम उरकुडामामांना सांगितलं होतं.

मामांनी जो समुद्र केला होता तो असा. सागाच्या फळ्यांची एक लांब होडी. तिच्या पोटाखाली पाळण्यासारख्या वाकड्या तुळया. दोन्ही टोकांना दोन दणकट गडी आळीपाळीने पाय रोवून ती डोलवायचे. दोन्ही बाजूंना निळं कापड ताणलेलं, आणि ते हलवायला आम्ही. बायका-पोरं होडीत बसली की मामा ट्रकचा जुना भोंगा वाजवायचे आणि ओरडायचे, "चलो चलो! बंबई, लंका, कोलंबो! ज्याले ओकारी येते त्यानं मांगं बसा, पुढच्यायच्या आंगावर नोको!" होडी डोलू लागली, पोरं किंचाळू लागली की ते कडुनिंबाची डहाळी बादलीत बुडवून सगळ्यांच्या तोंडावर पाणी शिंपडायचे. त्या पाण्यात मूठभर खडेमीठ टाकलेलं असे. पोरं ओठ चाटून ओरडायची, "खारट हाये! खारट हाये!" तेवढं ऐकलं की मामांचा चेहरा असा खुलायचा, जणू त्या पोरांनी त्यांना परीक्षेत पास केलं होतं.

लाट कशी हलवायची हे शिकायला मला बरेच दिवस लागले. मी जोरात झटकायचो. मामा माझ्यामागे उभे राहून सांगायचे, "तू धानाच्या वावरात वारा शिरतानी पाह्यला का नाई? पयले एका बांधीत शिरते, मंग दुसऱ्या. सारं वावर एकदम नाई हालत, लेका. हात सोड थोडा. वाऱ्याले जागा दे." मी डोळ्यांपुढे धानाचं वावर आणलं आणि खरोखर हातातलं कापड लाटेसारखं पळू लागलं.

"मामा, तुम्ही समुद्र पाहिलाय का?" मी विचारलं.

"नाई. पाह्यला असता तं असा बनवता आला नसता."

मामा उंच, काटक होते. रंग खाणीतल्या दगडासारखा काळाभोर, आणि डोळे सतत कुठेतरी लांब लागलेले. मी त्यांना बसलेलं पाहिलं नव्हतं. जेवायचे ते उभ्याने, एका हातात भाकर आणि दुसऱ्या हाताने होडीची एखादी खुंटी चाचपत. बिडीही उभ्यानेच. दुपारी वाळू अशी तापायची की आम्ही सावलीत पाय पोटाशी घेऊन बसायचो, तेव्हाही हे वाळूवर एका पायावरून दुसऱ्या पायावर होत फिरत असायचे. "मामा, बसा ना," म्हटलं की ठरलेलं उत्तर, "बसलं का मुळ्या फुटते."

माझे वडील भरवेलीच्या मँगनीजच्या खाणीत होते. मामाही काही वर्षं तिथे होते, म्हणून वडिलांची आणि त्यांची ओळख. वडील सांगायचे, उरकुडा कामाला वाघ होता, पण एक दिवस पाळी सुरू व्हायच्या वेळी मुकादमाला म्हणाला, "मुकादम, जातो," आणि निघाला. मुकादमाला वाटलं, पाणी प्यायला चालला असेल. तो गेलाच. मग बैहरच्या जंगलात लाकूडतोडीवर, तिथून कुठल्या सर्कशीत तंबू ठोकायला, तिथून गोंदियाला विड्यांच्या कारखान्यात. प्रत्येक ठिकाणाहून "जातो" म्हणून निघायचं. मागे फिरून कुठेच गेले नाहीत. लग्नाची बोलणी दोनदा झाली, दोन्ही वेळा मुलीकडच्यांनी चौकशी केली आणि विषय संपला.

हा "जातो" शब्द आमच्या घरात फार खटके. आपल्याकडे कोणाच्या घरून उठताना "जातो" म्हणू नये, "येतो" म्हणावं, हे लहान पोरालाही शिकवतात. मामा आमच्याकडे आले, उभ्या-उभ्या चहा प्याले आणि कप ठेवून म्हणाले, "जातो, वैनी." आई चुलीपुढून ओरडलीच.

"अवो भाऊ, तोंडाले काई हाड हाये का नाई? सांजच्या पारी जातो काय म्हनता? येतो म्हना!"

"येतो म्हनलं का मानूस खुट्याले बांधला जाते, वैनी. मले माहा भरवसा नाई, मंग तुमाले कायले देऊ?"

"मंग चहा कायले पेता आमच्या घरचा?"

"चांगला रायते म्हनून पेतो," मामा हसले आणि गेले. आईने त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहून हात ओवाळल्यासारखे केले आणि कानशिलांवर बोटं मोडली. ते गेले तरी त्यांचं काही वाईट होऊ नये म्हणून.

त्यांच्या नावाची गोष्ट मला त्यांनीच सांगितली. एका दुपारी मेळा सुस्तावला होता. गरम वारा तंबूची कापडं फडफडवत होता. मी विचारलं, "मामा, उरकुडा हे कसलं नाव?"

"तू शिकून राह्यला अन् तुले एवढं मालूम नाई? उरकुडा म्हंजे उकिरडा. माह्या आधीचे भाऊ-बहिनी जगले नाई. मी झालो तं मायनं मले सुपात घातलं अन् उकिरड्यावर नेऊन टाकलं. म्हंजे देवाले वाटलं पायजे, हे पोरगं कोनाले नको हाये, कायले न्या? मंग शेजारीन आली, तिनं मले उचललं, अन् मायनं पसाभर तांदूळ देऊन मले तिच्यापासून इकत घेतलं." ते खूप हसले. "तवापासून असंच हाये पाय. जलमल्या-जलमल्या जो फेकल्या गेला, त्याले जमीन टिकू देईन काय?"

मी हसलो नाही. मला ते मजेचं वाटलं नाही. पण त्यांनी तो विषय तिथेच सोडला आणि होडीची तुळई तपासायला गेले.

माझ्या शिक्षणात त्यांचा वाटा आहे, आणि तो मी कुठेतरी लिहून ठेवायला हवा होता. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. शाळा हिंदीत, घर मराठीत, आणि कॉलेजातली पुस्तकं निम्मी इंग्रजीत. पहिल्या वर्षी मी इंग्रजीत कसाबसा निभावलो होतो. कॉलेज सोडून द्यावं आणि वडिलांनी शब्द टाकून खाणीत चिकटवावं, असं माझ्या मनात चाललं होतं. मामांना मी ते बोलून दाखवलं. त्यांनी काही उपदेश केला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी होडीवर त्यांनी ताडपत्री टाकली, आत एक पोतं अंथरलं आणि मला म्हणाले, "ए कालेज, आन तुह्या पोथ्या. इथं सावली हाये. बस."

"काम?"

"काम चार वाजता. तवापर्यंत बस. सारेच फिराले लागले तं कसं व्हईन? मी फिरतो, तू बस."

त्या उन्हाळ्यात आणि पुढच्या उन्हाळ्यातही मी दुपारभर त्या वाळूत रुतलेल्या जहाजात बसून अभ्यास केला. बाहेर उन्हाची लू वाहत असायची आणि मामा ताडपत्रीभोवती घिरट्या घालत असायचे. कुल्फीवाल्याने घंटी वाजवली की त्याच्यावर खेकसायचे, "चूप बे! अंदर पढाई चल रही है!" मी पान उलटायला उशीर केला की ताडपत्रीतून डोकं आत घालून विचारायचे, "झोपला काय?"

बायजाबाई आली ती दुसऱ्या उन्हाळ्यात, एका बाजाराच्या दिवशी.

रामपायली गावची म्हातारी. लुगड्याचा काष्टा, पायात काही नाही, आणि डोक्यावर फडक्यात बांधलेलं गाठोडं. ती बराच वेळ होडीपुढे उभी होती. मामांची आरोळी चालली होती: "बंबई, लंका, कोलंबो!" होडी थांबली, लोक उतरले, तशी ती पुढे आली.

"हे बंबईले जाते काय, भाऊ?"

आकाशपाळण्यावरचा एक गडी फिसकन हसला. "हौ आजी, सिधी जाते. बस जा, शाम तक पहुँचा देंगे!"

म्हातारीने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. मामांकडेच पाहून ती बोलत राहिली. तिचा मुलगा सुखदेव मुंबईला गोदीत कामाला गेला होता. आधी कोणाकोणाबरोबर निरोप यायचे. आता बरीच वर्षं काहीच नाही. ती स्टेशनवर गेली होती. तिथे म्हणाले, गाडी बदलावी लागते, गाठोडं एकटं जात नाही. मग बाजारात कोणीतरी तिला सांगितलं की नदीवर बंबईचं जहाज आलं आहे.

"चिन्नोर हाये थोडा," ती म्हणाली. "औंदाच्या धानाचा. त्याले लय आवडते. लहानपनी भाताचा वास आला का शाळेतून पयत ये."

त्या गाठोड्यातून खरोखर वास येत होता. चिन्नोर तांदूळ शिजवायच्या आधीच घमघमतो. आमच्या भागातल्या कोणालाही तो फडक्याआडूनही ओळखू येतो.

आता गडी मोठ्याने हसू लागले. कोणीतरी म्हणालं, "कप्तान, पार्सल बुक कर लो!" माझ्या हातात निळं कापड होतं. मला वाटलं, मामा तिला समजावून सांगतील की बाई, हे लाकडाचं खेळणं आहे, मागे नुसतं कापड आहे. मामांनी तसं काही केलं नाही. त्यांनी गाठोडं दोन्ही हातांनी घेतलं.

"गोदीत म्हनलं?"

"हौ. सुखदेव. कपाळाले इथं खून हाये, बैलानं मारलं व्हतं." तिने आपल्या भुवईवर बोट ठेवलं. मग विचारलं, "अन् कवा येशीन सांगाले?"

मामांच्या हातातलं गाठोडं एकदम थबकलं. आजूबाजूचे गडी हसायचे थांबले नव्हते. इतर कोणालाही सहज सुचलं असतं ते त्यांना सुचत नव्हतं. म्हातारी वाट पाहत उभी होती.

"येतो," मामा म्हणाले.

म्हातारी मान हलवून निघून गेली. तिला त्या शब्दात काही विशेष वाटायचं कारण नव्हतं.

त्यानंतरचे दिवस मामांना कशातच चैन पडेना. आधीही ते एका जागी टिकत नसत, पण आता त्यांची घिरटी वेगळी झाली. आधी मोकळ्या गुरासारखे फिरायचे, आता दावणीला बांधलेल्या गुरासारखे, गाठोड्याच्या भोवती. गाठोडं त्यांनी होडीच्या टोकाला, उंदरांपासून दूर, उंच टांगलं होतं. येता-जाता त्याला हात लावायचे. भोंगा वाजवायचं विसरायचे. एकदा बादलीत मीठ टाकायचं राहिलं आणि पोरं तक्रार करत उतरली, "आज समंदर फीका है."

"पाय लेका," ते मला म्हणाले, "बांधला गेलो ना मी."

"मामा, ती म्हातारी आहे. तिला काय कळतंय? मेळा संपल्यावर तुम्ही कुठे, ती कुठे."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "तिले नाई कळत. मले तं कळते ना."

शेवटी ते सेठकडे गेले. सेठ तापला. "सीज़न में कप्तान चला जाएगा तो जहाज़ कौन चलाएगा?"

मामांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हा. कालेज. लाट चांगली हलवते आता."

"और तू लौटेगा? तू? आज तक कहीं लौटा है?"

मामा गाठोडं काढायला होडीकडे वळले.

मी आणि आई त्यांना स्टेशनवर सोडायला गेलो. छोटी लाइन गोंदियापर्यंत, मग तिथून मोठी गाडी. आईने भाकरी आणि मिरच्यांचा ठेचा बांधून दिला. डब्यात जागा होती तरी मामा दारातच उभे राहिले, काखेत गाठोडं. गाडीने शिटी दिली तशी आई म्हणाली, "भाऊ, म्हना आता. म्हना एक डाव."

"म्हनलं ना त्या बाईले! घडीघडी कायले?" मामा चिडून म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता. गाडी हलली. गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत ते दारात उभेच होते.

मग मी कप्तान झालो. भोंगा मी वाजवू लागलो, मीठ मी कालवू लागलो. "बंबई" म्हणताना मात्र माझा आवाज अडखळायचा. मेळ्यातल्या गड्यांनी मामांवरून खूप मजा केली. सेठ कुल्फी खाता खाता म्हणायचा, "उड़ गया पंछी. चावल पका के खा गया होगा." माझा विश्वास होता का? खरं सांगायचं तर रोज सकाळी असायचा आणि संध्याकाळपर्यंत उरायचा नाही. वडील म्हणायचे, "उरकुडा मनाचा चांगला हाये, पन त्याचे पाय त्याचं ऐकत नाई."

बायजाबाई दर बाजाराच्या दिवशी येऊ लागली. ती काही विचारायची नाही. होडीजवळ वाळूत बसायची, पोरांच्या किंकाळ्या ऐकायची, सूर्य कलला की उठून रामपायलीची वाट धरायची. मी तिला पाणी द्यायचो. एकदा मीच न राहवून म्हणालो, "आजी, येतील मामा."

"आला तं येईन," ती म्हणाली. "तू आपल्या लाटा हालव."

दिवस सरत गेले. आभाळ दुपारी भरून यायचं आणि पुन्हा रिकामं व्हायचं. वरच्या अंगाला डोंगरात पाऊस झाला की वैनगंगा बघता बघता वाळू गिळते, म्हणून मेळा लवकर उठवावा लागे. आकाशपाळण्याचे पाळणे उतरले. घोडे पोत्यांत गुंडाळले गेले. आरशांवर गवत बांधलं गेलं. सेठने जहाजाकडे बोट केलं, तेव्हा मी म्हटलं, "हे शेवटी काढू." दुसऱ्या दिवशीही मी तेच म्हटलं. तिसऱ्यांदा सेठने मला ढकलून बाजूला केलं आणि गड्यांनी फळ्यांचे खिळे उपटायला सुरुवात केली. तो बाजाराचाच दिवस होता. बायजाबाई तिच्या जागेवर बसून सागाच्या फळ्या ट्रकवर चढताना पाहत होती.

मामा स्टेशनच्या वाटेने चालत आले. आधीच वाळलेले, ते आणखी वाळले होते. काखेत तेच गाठोडं होतं, फक्त फडकं कळकट झालेलं. ते माझ्याकडे किंवा सेठकडे पाहायला थांबले नाहीत. सरळ बायजाबाईपुढे गेले आणि गाठोडं तिच्यापुढे ठेवलं.

"नाई सापडला, बाई," ते म्हणाले. "गोदीच्या साऱ्या दरवाज्यायवर उभा राह्यलो. पाळी सुटली का बोंबलायचो, रामपायलीचा सुखदेव! रामपायलीचा सुखदेव! सुखदेव लय भेटले. आपला नाई भेटला."

म्हातारीने गाठोड्यावरून हात फिरवला. गाठ तिनेच मारलेली होती, तशीच होती. मला वाटलं ती रडेल. सगळेच गडी हातातलं काम सोडून पाहत होते. ती मामांकडे वर पाहून म्हणाली, "तू तं आला ना, बापा."



मग तिने पदर खोचला आणि आम्हाला कामाला लावलं. "फाटे आना. पानी आना. एवढे दिवस फिरला हा तांदूळ, आता शिजू दे." वाळूत तीन दगड मांडले गेले. कुल्फीवाल्याने पातेलं दिलं. चिन्नोरचा वास सुटला तसा सेठसुद्धा आपल्या तंबूतून बाहेर येऊन उभा राहिला. पळसाच्या पानांवर भात वाढला गेला. मामा आपलं पान हातावर घेऊन उभे होते, नेहमीसारखे.

"बस," बायजाबाई म्हणाली.

"मी उभ्यानंच..."

"बस म्हनलं ना! उभ्यानं भूत जेवते."

आणि मामा बसले. गुडघे कसे दुमडायचे हेच जणू त्यांना ठाऊक नव्हतं. आधी एक हात टेकला, मग दुसरा, आणि आमच्यात वाळूत बसून त्यांनी भात खाल्ला. कोणी हसलं नाही. थोड्या वेळाने मी हळूच विचारलं, "मामा, समुद्र कसा होता?"

त्यांनी घास गिळला. "आपल्यावानीच हाये. मीठ जरा जास्त झालं हाये." मग ते नदीकडे वळले. "पन हलवनारा कुठं उभा हाये, ते नाई दिसलं."

सेठ त्या वर्षी गेला तो पुन्हा आला नाही. मामा मात्र आमच्या भागातच राहिले. पावसाळ्यात रामपायलीला बायजाबाईच्या धानाच्या रोवणीला जायचे, उन्हाळा आला की सुखदेवला शोधायला मुंबई. दरवर्षी निघताना "येतो" म्हणायचे, आणि दरवर्षी यायचे. शोध कधी लागला नाही. पण जाण्याची ती ओढ आता त्यांना कुठे फेकून देत नव्हती, नेऊन परत आणून सोडत होती. पुढे बायजाबाई गेली तेव्हा तिला अग्नी मामांनीच दिला. गावकऱ्यांनी तिच्या ओसरीवरून त्यांना उठा म्हटलं नाही.

मी बी.ए. झालो तेव्हा पेढे घेऊन रामपायलीला गेलो. मामांनी निकालाचा कागद उलटा-सुलटा करून पाहिला आणि अंगणात दोन फेऱ्या मारल्या. "झालं तं मंग! आता तुले बसाले खुर्ची भेटन. चांगला बसजो, लेका. पोरायले बसवजो." मला बैहरकडे मास्तरकी मिळाली. तेव्हापासून ते मला "कालेज" ऐवजी "मास्तर" म्हणू लागले.

त्यांचे गुडघे धरले ते सन सत्तरनंतर. एका रविवारी मी गेलो तर ओसरीवरच्या बाजेवर मामा बसलेले होते. मला पाहून स्वतःच म्हणाले, "फुटल्या ना मुळ्या." श्वास लागत होता, तरी नजर तशीच लांब लागलेली. आम्ही चौपाटीच्या गोष्टी केल्या. फिक्या समुद्राची आठवण काढून ते खोकला येईपर्यंत हसले. बसची वेळ झाली, मी पिशवी उचलली आणि त्यांना चिडवायला, त्यांच्याच तोऱ्यात म्हणालो, "जातो, मामा."

त्यांनी माझं मनगट धरलं. हाताला अजून जोर होता.

"जातो काय म्हनतं? येतो म्हन."

"येतो, मामा."

तेव्हा त्यांनी हात सोडला.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात उरकुडामामा गेले. "गेले" हा शब्द लोकांच्या तोंडून ऐकला तेव्हा तो मला फारसा टोचला नाही, जन्मभर तो त्यांचाच शब्द होता. मला टोचतो आणि सावरतोही तो ते जाण्याच्या आधीचा एक रविवार. सकाळपासून पावसाची झड लागली होती, घाटातला रस्ता खचला होता, बस अर्ध्यातच थांबली. उरलेली वाट मी चिखलातून चालत काढली आणि भिजून चिंब होऊन त्या ओसरीवर पोचलो. मामा भिंतीकडे तोंड करून पडले होते. पावलांचा आवाज ऐकून त्यांनी मान वळवली.

"आला काय गा?"

"आलो, मामा."

"मंग बस," ते म्हणाले, आणि बाजेवर मला जागा करून देण्यासाठी थोडे सरकले.